एएसआयच्या कामावर नवीन लागलात? लेबर कॉस्टचा ब्लॉक असा भरा

सध्या बरीच पोरंपोरी विचारायलेत की एएसआयच्या फिल्डवर्कला लागलोय, बाकी सगळं जमतंय पण ब्लॉक ई, म्हणजे माणसं आणि लेबर कॉस्टचा भाग, आला की गाडी अडते, म्हणून जरा सविस्तर लिहायलोय. मी मराठवाड्यात हे काम करतो. वाळूज-चिकलठाण्याचे ऑटो पार्टवाले, जालन्याच्या रोलिंग मिल, लातूरच्या डाळ मिल आणि साखर कारखाने, सगळं यात येतं.

एएसआय म्हणजे वार्षिक उद्योग सर्वेक्षण. एप्रिल ते मार्च असं एक आर्थिक वर्ष धरायचं आणि कारखान्याच्या हिशोबाच्या वह्यांवरून शेड्यूल, म्हणजे सर्वेक्षणाचा फॉर्म, भरायचं. मालकाला कामगार किती रुपयाला पडतो हा सरकारी आकडा इथूनच तयार होतो. नफा-तोटा पत्रकात ‘एम्प्लॉयी बेनिफिट एक्सपेन्स’ नावाची एक ओळ असते, नवीन माणूस ती उचलतो आणि मोकळा होतो. ती ओळ अर्धीच गोष्ट सांगते.

एक साधा हिशोब बघा. समजा वाळूजच्या एका ऑपरेटरचा बेसिक आणि डीए मिळून 14,000 आणि घरभाडे भत्ता 2,000. त्याचा पीएफ 12 टक्क्यांनी 1,680 कापला, ईएसआय (कामगार विमा) पूर्ण 16,000 वर 0.75 टक्क्यांनी 120, प्रोफेशनल टॅक्स 200, हातात आले 14,000. आता मालकाकडून बघा: 16,000 पगार, त्याच्या वाट्याचा पीएफ 1,680, पीएफसोबतचा विमा आणि अ‍ॅडमिन चार्जेस मिळून 1 टक्का म्हणजे 140, ईएसआय 3.25 टक्क्यांनी 520. झाले 18,340, आणि बोनस, ग्रॅच्युइटी, कँटीन अजून बाकीच आहे. एकाच माणसाचे तीन आकडे आणि तिन्ही खरे! आपल्या वेतनाच्या कॉलममध्ये 16,000 जातात, कारण वेतन कपातीच्या आधीचं धरायचं. मालकाचा पीएफ-ईएसआय वेगळ्या कॉलमला, बोनस वेगळा, कँटीन-पाळणाघर असला सामूहिक खर्च वेलफेअरमध्ये. अकाउंटंट पुष्कळदा बँकेतून गेलेला नेट पगार सांगतो, तेव्हा ‘कपातीच्या आधीचा का नंतरचा’ हे तोंडावर विचारायचंच.

पैशाच्या आधी मात्र मॅनडेज. रोजची, प्रत्येक शिफ्टची हजेरी वर्षभर बेरीज केली की काम केलेले मॅनडेज मिळतात आणि त्याला कामाच्या दिवसांनी भागलं की सरासरी माणसं. एचआरवाला सांगेल 110 लोक आहेत, पण मस्टरवर (हजेरीपटावर) 27,000 मॅनडेज आणि 300 दिवस निघाले तर सरासरी 90 येते आणि आपल्याला तीच हवी. भरपगारी सुट्ट्या धरून पगार दिलेले मॅनडेज वेगळे लिहायचे. मग एकूण वेतनाला त्यांनी भागून बघायचं. रोज 50 पैसे किंवा त्याहूनही कमी असलं काही आलं तर बहुतेक ताळेबंद लाखात किंवा हजारात असतो आणि आपण रुपये समजून लिहिलेलं असतं. हा भागाकार गेटच्या बाहेर पडायच्या आधी करा, नंतर फोन उचलत नाहीत कुणी.

आता सगळ्यात नाजूक जागा, ठेकेदाराची माणसं. 2022-23 च्या एएसआयमध्ये देशातल्या कारखान्यांतले 40 टक्क्यांच्या वर कामगार ठेकेदारामार्फतचे होते, म्हणजे इथं चुकलं तर सगळंच चुकलं. वह्यांमध्ये हे ‘लेबर चार्जेस’ नावाने असतं आणि त्यातच जॉब वर्कची, म्हणजे बाहेरून करून घेतलेल्या कामाची, बिलंही घुसलेली असतात. मागे एका युनिटमध्ये मी लेजर उघडायला लावलं, तर एका पानावर ठेकेदाराचं बिल, त्याखाली प्लेटिंगचं, त्याखाली परत ठेकेदाराचं. प्लेटिंग बाहेर दुसऱ्याच्या शेडमध्ये झालेलं काम, ते लेबर कॉस्ट नाही, त्याची जागा इतर खर्चाच्या ब्लॉकमध्ये. ठेकेदाराच्या बिलातसुद्धा मजुरी, पीएफ-ईएसआय, सर्व्हिस चार्ज आणि शेवटी 18 टक्के जीएसटी असे थर असतात, त्यातली मजुरी वेगळी काढायची. बिलाची झेरॉक्स नाही मिळाली तरी वहीत उतरवून घ्या.

लातूरच्या डाळ मिलला दोघं भाऊ मालक आणि दिवसभर तिथंच राबतात, ते पगार न घेणारे मालक म्हणून माणसांत मोजायचे, वेतनात शून्य.

साखर कारखान्याला गेलात तर टाइम ऑफिस आणि शेतकी विभाग दोन्हीकडे बसा. हंगामी कामगारांना बंद काळातही काही कारखाने थोडा भत्ता देतात, त्यामुळे काम केलेले आणि पगार दिलेले दिवस लांब लांब जातात, ते बरोबरच असतं. आणि ऊसतोडीची टोळी? बीडची जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन सहा-सहा महिने फडात असतात, पण ती कारखान्याच्या मस्टरवर नाहीत. त्यांचा पैसा तोडणी-वाहतूक म्हणून जातो आणि तो शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वजा होतो. त्यामुळे साखर उद्योगाच्या लेबर कॉस्टमध्ये ही माणसं कुठंच दिसत नाहीत. मला हे फार लागतं, पण आपण आपल्या मनाने त्यांना ब्लॉक ई मध्ये घालायचं नाही. हा आकडा वापरणाऱ्याने मात्र ‘साखरेत मजुरीचा खर्च कमी आहे’ असं बिनधास्त लिहू नये एवढं वाटतं.

मालक माहिती द्यायला बिचकतो कारण त्याला वाटतं पीएफवाले किंवा इन्कम टॅक्सवाले आले. 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्यानुसार ही माहिती फक्त आकडेवारीसाठी वापरता येते, हे शांतपणे सांगा, आवाज चढवू नका. आणि वेळ बघून जा. 15 तारखेपर्यंत पीएफ-ईएसआयचं चलन असतं, 20 ला जीएसटीचं रिटर्न, तोवर अकाउंटंटला मान वर करायला फुरसत नसते. 21 ते 28 मध्ये गेलात तर तो स्वतः लेजर उघडून देतो आणि वर चहा पण पाजतो.