वहीतला अर्धविराम: वनस्पती रोगशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी गव्हाच्या रोपांवर तांबेऱ्याचे बीजाणू सोडले आणि दोन आठवड्यांनी ट्रे बघायला गेले. एका वाणाची पानं नारिंगी भुकटीनं भरलेली, हात लावला की बोटं रंगत होती. शेजारच्या वाणावर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके, बाकी पान हिरवंगार. मला वाटलं, यालाही रोग लागला. सरांनी वहीत त्यापुढे नुसता अर्धविराम (;) काढला. रोपानं तांबेऱ्याला किती थारा दिला हे मांडणाऱ्या 0 ते 4 च्या मोजपट्टीत अशा ठिपक्याची तीच खूण, म्हणजे वाण प्रतिकारक.

बुरशी शिरली तिथल्या पेशी स्वतःहून मेल्या होत्या. तांबेऱ्याला जिवंत पेशीतूनच अन्न मिळतं. पेशी मेली की त्याची उपासमार. हाच हायपरसेन्सिटिव्ह रिस्पॉन्स. प्रतिकारक वाण निवडताना आपण बऱ्याचदा हेच मरण शोधत असतो.

पण पेशी मरणं नेहमी पिकाच्या भल्याचं, असं धरून चालू नका. अमेरिकेत व्हिक्टोरिया नावाच्या ओटच्या वाणापासून काढलेले तांबेरा-प्रतिकारक वाण खूप पेरले गेले आणि 1940 च्या दशकात दुसऱ्याच बुरशीनं ते आडवे केले. तिचं व्हिक्टोरिन हे विष झाडाच्या संरक्षण यंत्रणेलाच चेतवून पेशी मारत होतं, आणि ही बुरशी मेलेल्या पेशींवर पोसणारी. म्हणून विषय ठरवताना आधी विचारा: आपला रोगकारक जिवंत पेशी खातो की मेलेली? टोमॅटोच्या करप्यावर काम करणाऱ्याचं उत्तर गहूवाल्यापेक्षा वेगळं येईल.

प्रयोगशाळेतलं एकच सांगते, कारण त्यात माझा अख्खा हंगाम गेला. मेलेल्या पेशीतून क्षार पाझरतात, म्हणून पानाच्या चकत्या पाण्यात ठेवून त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. माझे आकडे निरोगी पानांचेही चढेच यायचे. कापलेल्या कडांतूनही क्षार सुटतात. चकत्या आधी डिस्टिल्ड पाण्यात नीट धुवून ते पाणी टाकायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. ट्रायपॅन ब्लू हा रंग लावून मेलेल्या पेशी निळ्या झालेल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय नुसत्या आकड्यावर विसंबू नका.

जनुकांचं संगणकावरचं काम शिकाच, त्याला आज मागणी आहे. पण आधी पान वाचायला शिका. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारं संशोधन केंद्र आहे. परवानगी मिळाली तर वही घेऊन जा आणि अर्धविराम कुठे पडतो, ते स्वतः ठरवून बघा.