मुलांमधील अमली पदार्थांची मागणी कमी करण्यासाठी वस्तीची फळी कशी उभारावी

पहिली सभा भरवण्याआधी आपल्या वस्तीतील मुलांची खरी स्थिती जाणून घ्यावी. आइसलँडने १९९० च्या दशकाच्या अखेरीस हीच वाट धरली: विद्यार्थ्यांकडून निनावी प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि त्या त्यांनी स्वतःच पाकिटात बंद करून दिल्या. आपले नाव कुठेही लिहिले जाणार नाही, ही खात्री मुलांना पटली तरच उत्तरे खरी मिळतात, म्हणून येथे घाई करू नये. प्रश्न केवळ नशेचे नसावेत. रात्री घरी कधी परतता, आईवडील तुमच्या मित्रांना ओळखतात का, हेही विचारावे.

निष्कर्ष शिळे होण्याआधी शाळा, पालक आणि नगरपालिका यांच्यापुढे एकत्र मांडावेत. आइसलँडमध्ये पालकांनी आपसांत लेखी करार केले, खेळ व संगीताच्या वर्गांना सरकारी पैसा मिळाला आणि कधी ना कधी गांजा ओढलेल्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८ मधील १७ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ७ टक्क्यांवर आले. भीती घालणारी भाषणे मात्र कटाक्षाने टाळावीत. संयुक्त राष्ट्रे व जागतिक आरोग्य संघटना यांच्या २०१८ च्या प्रतिबंधविषयक मानकांनीही त्यांना परिणामकारक मानलेले नाही.

व्यसनात आधीच अडकलेल्यांसाठी उपचार केंद्राशी सुरुवातीपासून बोलणी करावीत. पुण्यातील मुक्तांगण १९८६ पासून हे काम करीत आहे, तर १४४४६ हा राष्ट्रीय मोफत हेल्पलाइनचा क्रमांक शाळेच्या फलकावर ठळक लावता येईल.