रिसर्च करायचाय, पण दिवसभर नक्की काय करायचंय?

मे-जून आला की आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींत कोणी ना कोणी पकडतंच, ताई, पोरगी एमेस्सी झाली, आता रिसर्च करायचा म्हणते, तू केलायस ना, जरा सांग तिला. मी विचारते कशात, तर लगेच उत्तर येतं, बायोटेकमध्ये, किंवा इकॉनॉमिक्समध्ये. बरं, मग दुसरा प्रश्न, तिला दिवसभर काय करायला आवडतं? इथे सगळे गप्प. विषयाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्या विषयात पीएचडी करणारा माणूस मंगळवारी सकाळी अकरा वाजता कुठे असतो आणि त्याच्या हातात काय असतं, हे कोणी बघितलेलंच नसतं, आणि पीएचडी म्हणजे चार-पाच वर्षं तेच मंगळवार आहेत, त्यामुळे मला तरी वाटतं की विषयाच्या आधी हे बघावं.

मी स्वतः स्टॅटिस्टिक्सवाली. पीएचडी इथेच केली. आमच्या विषयाचा फायदा म्हणा की शाप म्हणा, बाकी सगळ्या विषयांचे लोक शेवटी पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडेच येतात, थीसिस जमा करायची तारीख डोक्यावर आली की, मॅडम जरा ॲनालिसिस बघून द्या ना. त्यामुळे सोयाबीनवाले, कॅटवाले (परीक्षा नव्हे, इथलं फिजिक्सचं मोठं सरकारी संशोधन केंद्र), मेडिकलचे पीजी डॉक्टर, वस्तीत सर्व्हे करणारी सोशल वर्कची मुलं, सगळ्यांची दुनिया मला बसल्या जागी बघायला मिळाली. जे बघितलं ते सांगते.

सोयाबीनपासून सुरू करू, कारण माळवा म्हणजे सोयाबीन, आणि त्याची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ पासून इथे खंडवा रोडला आहे. इथला रिसर्च पावसाच्या कॅलेंडरवर चालतो. जूनच्या शेवटी पाऊस पडला की पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणी, म्हणजे वर्षात एकच संधी. एका शेतात एका कोपऱ्यात माती खोल असते, दुसरीकडे उतार असतो, पाणी साचतं, म्हणून शेताचे ब्लॉक पाडायचे, प्रत्येक ब्लॉकमध्ये कुठलं वाण कुठल्या प्लॉटमध्ये जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडायचं, आणि तेच तीन-चार ब्लॉकमध्ये परत परत करायचं. ही सगळी पद्धत १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर नावाच्या माणसाने इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतांवर बसवली, आज औषधांच्या ट्रायलमध्ये जे रँडमायझेशन म्हणतात त्याचं मूळही तिथलंच, म्हणजे आमचा अर्धा विषय चिखलात जन्मलाय. पण एवढं सगळं करून पिवळा मोझॅक नावाचा रोग आला किंवा ऐन फुलोऱ्यात पावसाने दांडी मारली की वर्ष गेलं, पुढच्या खरीपापर्यंत हात बांधलेले. नवीन वाण बाहेर काढायला तर अनेक वर्षं अनेक ठिकाणी ट्रायल लागतात. इथे टिकणारी माणसं वेगळीच असतात, घाई नसलेली, आणि उन्हात उभं राहून शेंगा मोजायला न कंटाळणारी. लॅबमध्ये एसीत बसायला मिळेल म्हणून ॲग्रिकल्चर घेतलेली मुलं पहिल्या जुलैतच वैतागतात.

कॅटचं एकदम उलटं. आता त्याचं नाव राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, २००५ मध्ये बदललं, पण इंदूरमध्ये रिक्षावाल्याला सांगायचं तर अजून कॅटच. देशातला पहिला सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने गोल फिरवणारं मशीन, इंडस-१, १९९९ मध्ये इथेच सुरू झाला, नंतर इंडस-२ आला ज्यात इलेक्ट्रॉन अडीच गीगा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेतात. इलेक्ट्रॉन वळणावर फिरताना जो प्रकाश टाकतात तो वेगवेगळ्या बीमलाइनवर, म्हणजे प्रयोगासाठीच्या वाटांवर, काढून घेतात, आणि देशभरातली पीएचडीची मुलं आपापलं सॅम्पल घेऊन येतात. आता तुम्हाला वाटेल की ही मुलं वर्षभर मशीनवर असतात, तर अजिबात नाही. आधी प्रपोजल लिहायचं, मंजूर झालं की काही दिवसांचा बीमटाइम मिळतो, तेवढ्यात रात्रंदिवस पाळ्या लावून मोजून घ्यायचं, आणि त्याच्या आधीचे कितीतरी महिने सॅम्पल बनवण्यात आणि नंतरचे कितीतरी महिने कर्व्ह फिट करण्यात जातात. फिजिक्सच्या मुलाचा खरा दिवस म्हणजे भट्टी, व्हॅक्युम पंप, गळती कुठे आहे ते शोधणं आणि कॉम्प्युटर. हाताने काही खोलून परत जोडायला आवडत असेल तर मजा आहे, नाहीतर थिअरीकडे जावं, तिथे फक्त वही आणि कोड.

असाच एक फिजिक्सचा मुलगा एकदा माझ्या टेबलाशी बसला होता, शेजारी सोशल वर्कची एक मुलगी तिचा सर्व्हे घेऊन. त्याने तिचे आकडे बघितले आणि हसला, की पाच टक्के चुकीची शक्यता तुम्ही चालवून घेता, आमच्याकडे पाच सिग्मा लागतं. खरं आहे, २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन नावाचा कण सापडल्याचं सांगितलं तेव्हा निकष तोच होता, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसायची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. मी त्याला म्हटलं, भिया, तुझा इलेक्ट्रॉन लाजून खोटं बोलत नाही. आणि सासू बाजूला बसलीये म्हणून उत्तर बदलत पण नाही.

हे सासूचं मी गमतीत नाही म्हटलं, समाजशास्त्रातली निम्मी मेहनत याच्यातच जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, जिला सगळे एनएफएचएस म्हणतात, १९९२-९३ पासून चालू आहे आणि २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सहा लाखांहून जास्त घरं झाली. त्यात घरातल्या मारहाणीबद्दल प्रश्न असतात, ते एका घरात एकाच बाईला विचारतात, आणि तिला एकटीला गाठता आलं नाही तर तो भाग विचारतच नाहीत, सोडून देतात. का, तर उत्तर खोटं येईल हे एक, आणि आपण निघून गेल्यावर त्या बाईचं काय होईल हे दुसरं. असा विचार फिजिक्सवाल्याला कधी करावा लागत नाही. वस्तीत सकाळी अकराला गेलात तर घरात म्हातारी माणसं आणि काही बायकाच भेटतात, मग तुमचा अख्खा सर्व्हे त्यांचाच होतो, म्हणून संध्याकाळी, रविवारी जावं लागतं. पार्षदाच्या (नगरसेवकाच्या) माणसाला बरोबर घेतलं की दारं पटापट उघडतात पण पाण्याच्या नळाबद्दल कोणी तक्रार करत नाही. मुलाखती रेकॉर्ड केल्या तर तासाभराचं टाइप करायला पाच-सहा तास सहज जातात, आणि माळवी किंवा निमाडीत बोलणं असेल तर अजून जास्त. हे काम सोपं म्हणून सोशल सायन्स घेणाऱ्यांनी आधी एक मुलाखत पूर्ण टाइप करून बघावी, बस.

आणि आकडे नसले म्हणजे रिसर्च कच्चा, हे पण डोक्यातून काढा. आपल्या शेजारी देवासजवळच्या एका गावात एड्रियन मेयर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात येऊन राहिला, कोण कोणाकडे जेवतं, कोण कोणाबरोबर चिलीम ओढतं, सोयरीक किती लांबच्या गावांत करतात, हे बघत बसला. १९६० मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि जातीच्या अभ्यासात ते आजही शिकवतात. त्यात गावाचं नाव रामखेडी आहे, पण ते खरं नाव नाही, गावकऱ्यांना त्रास नको म्हणून बदललेलं. तुम्हाला पण तुमच्या लोकांची नावं अशीच झाकावी लागतील, एथिक्सचा फॉर्म भरताना हे आठवेल.

मेडिकलचं थोडक्यात: एमडी-एमएसच्या थीसिसला वेळ कमी, पेशंट भरपूर, आणि पहिला पेशंट घ्यायच्या आधी एथिक्स कमिटीची मंजुरी. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी पण आधीच. माझ्याकडे येणाऱ्या डॉक्टरांना मी एकच सांगते, सॅम्पल साइज, म्हणजे किती पेशंट घ्यायचे, ते विचारायला सुरुवातीला या, शेवटी नको, शेवटी मी फक्त पोस्टमॉर्टेम करू शकते. गणिताबद्दल तर सांगण्यासारखं दिसतच नाही, माणूस खिडकीबाहेर बघत बसलेला असतो आणि ते काम चालू असतं, घरच्यांना समजावणं हा मोठा प्रॉब्लेम.

इतिहासाकडे आपली मराठी मुलं का जात नाहीत मला कळत नाही. होळकरांच्या काळातली कागदपत्रं मोडीत आहेत, मोडी वाचणारे लोक कमी होत चाललेत, आणि आपल्याला भाषा घरातूनच मिळालेली, फक्त लिपी शिकायची. दिवसभर धूळ, रुमाल (कागद बांधून ठेवलेली फडकी) सोडा-बांधा, एका ओळीवर अर्धा तास, जमत असेल तर इथे गर्दी नाही. पुरातत्त्ववाले वाकणकर, त्यांनी १९५७ मध्ये ट्रेनमधून जाताना डोंगर बघितले आणि भीमबेटकाच्या चित्रांच्या गुहा सापडल्या, ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात, पण त्यानंतर वर्षानुवर्षं गुहांमध्ये बसून भिंतीवरची चित्रं हाताने उतरवून घेणं, ती बाजू कोणी सांगत नाही. रिसर्च तो होता.

पेपरवर नाव कुठे येतं याच्यावरून नवीन मुलं फार गोंधळतात म्हणून सांगते. बायोलॉजीत पहिलं नाव ज्याने काम केलं त्याचं, शेवटचं लॅबच्या बॉसचं. गणितात बहुतेक वेळा आडनावाच्या अक्षरांप्रमाणे, त्यामुळे वाघमारे कायम शेवटी, त्याने कितीही केलेलं असो. इतिहासात बहुधा एकटंच नाव. आणि पार्टिकल फिजिक्समध्ये २०१५ साली हिग्जच्या वस्तुमानावर जो पेपर आला त्याला पाच हजारांवर लेखक होते, पेपरच्या तेहतीस पानांतली चोवीस पानं नावं आणि संस्थांच्या यादीने भरलेली. त्यामुळे दुसऱ्या डिपार्टमेंटच्या मित्राचे पेपर मोजून स्वतःला कमी समजू नका, आणि गाईडशी नावाचं बोलणं काम सुरू करतानाच करून घ्या, नंतर वाईटपणा येतो.

मग इंटरडिसिप्लिनरी करू का, हा हल्लीचा आवडता प्रश्न. इंदूरला याची परंपरा जुनी आहे. १९१८ मध्ये इंदूर शहराचा नगररचनेचा रिपोर्ट लिहिणारे पॅट्रिक गेडिस मूळचे जीवशास्त्राचे, आणि पुढच्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला गेले. कंपोस्टची जी इंदूर पद्धत जगभर माहीत आहे ती पण अशीच, १९२४ पासून इथे वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि रसायनवाले यशवंत वाड यांनी शेण, कचरा, माती आणि हवेचं गणित एकत्र बसवून काढली, १९३१ मध्ये दोघांच्या नावावर पुस्तक आलं. हॉवर्डची तक्रारच होती की शेतीचा अभ्यास तुकड्या-तुकड्यांत वाटून टाकलाय. पण ही माणसं आधी आपापल्या एका विषयात पक्की होती. पहिल्याच पीएचडीत दोन विषय जोडले तर आरडीसीमध्ये, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीत, दोन्हीकडचे एक्स्पर्ट म्हणतात की हे आमचं नाही, आणि सिनॉप्सिस, म्हणजे कामाचा आराखडा, चेंडूसारखी इकडून तिकडे. करायचंच असेल तर रजिस्ट्रेशन एका विषयात ठेवा आणि को-गाईड दुसऱ्यातला घ्या.

आता फॉर्मचं. सायन्सचे पाच गट, म्हणजे फिजिकल, केमिकल, लाइफ, अर्थ आणि मॅथेमॅटिकल, सीएसआयआर नेट या परीक्षेत येतात, आर्ट्स-कॉमर्स-सोशल सायन्स यूजीसी नेटमध्ये. त्यातून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर सुरुवातीची दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर एसआरएफ (तिचीच वरची पायरी) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे पीएचडी कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं, पुढे मुदतवाढ मिळू शकते आणि बायकांना त्यात आणखी सवलत आहे. प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार एवढेच विद्यार्थी, म्हणून सीट आहे का ते गाईडलाच थेट विचारा, वेबसाइटवर नेहमी अपडेट नसतं. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणारे मेल येतील, उत्तर पण देऊ नका.

गाईड कसा आहे हे विचारून कळत नाही, सगळे चांगलंच बोलतात. शोधगंगा ही थीसिसची वेबसाइट उघडा, फुकट आहे, त्या गाईडच्या आधीच्या विद्यार्थ्यांच्या थीसिस काढा, सर्टिफिकेटवरच्या तारखा बघा आणि मेथडॉलॉजीचं चॅप्टर वाचा, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल. ते चॅप्टर वाचताना झोप आली तर तो विषय तुमचा नाही. मग प्रत्यक्ष जाऊन या. सोयाबीन बघायचं तर ऑगस्टमध्ये, पीक उभं असताना. मशीन बघायचं तर ओपन डे वगैरे असतात, नाहीतर तिथल्या एखाद्या पीएचडीच्या मुलाला सकाळच्या पोह्यांवर गाठा आणि त्याने काल दिवसभर काय केलं ते विचारा, थीसिसचा टॉपिक विचारू नका, तो पाठ केलेलंच सांगतो. सर्व्हेवाल्यांबरोबर एक संध्याकाळ वस्तीत फिरा, त्यांना फॉर्म धरायला माणूस हवाच असतो, नाही म्हणणार नाहीत.