विकायच्या घरावर खर्च कुठे करावा: नागपूरच्या घरमालकांसाठी

घर विकायला काढलं की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. खरं तर तो सगळ्यात शेवटी यायला हवा. नागपुरात घर पाहायला आलेला माणूस छताच्या कोपऱ्यातली ओल बघतो, खिडकीखालची तिरपी भेग बघतो आणि मग मंजूर नकाशा मागतो. यांतलं काहीही खटकलं की तो भाव पाडतो. दुरुस्तीला नेमका किती खर्च येईल हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो गरजेपेक्षा जास्तच पाडतो. ही धास्ती घालवणारं काम आधी करा.

सुरुवात कागदांपासून करा. बहुतेक खरेदीदार कर्जावर घर घेतात आणि बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, बांधकाम मंजूर नकाशाशी ताडून पाहतो. गच्चीवर पत्रे टाकून काढलेली खोली किंवा मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, वाढवलेलं स्वयंपाकघर तो सहसा हिशेबात धरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के रक्कम मिळू शकते. व्हॅल्युअरने न धरलेल्या खोलीचे पैसे खरेदीदाराला खिशातून भरावे लागतात आणि बोलणी तिथेच अडतात. वाढीव बांधकाम नियमात बसत असेल तर आर्किटेक्टकडून सुधारित नकाशा करून मंजूर करून घ्या. बसत नसेल तर त्या खोलीत टाइल्ससुद्धा बदलू नका. गुंठेवारीतल्या प्लॉटचं आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) आणि डिमांड (त्यासाठीचं शुल्क) भरल्याची पावती हाताशी ठेवा. यांच्याशिवाय नवं मॉड्युलर किचनही घराला गिऱ्हाईक आणून देत नाही.

मग गच्ची. पावसाळ्यात छताला जिथे ओल दिसेल तिथे पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि वॉटरप्रूफिंगचं काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात तापलेल्या स्लॅबवर लावलेला सिमेंट-पॉलिमरचा थर पाणी झटकन सोडतो आणि त्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात. उन्हाळ्यातच करायचं झालं तर पहाटे करा, स्लॅब ओला करून घ्या आणि नंतर ओल्या गोणपाटाने झाका. जुना कोबा ठोकून बघा. पोकळ आवाज येतो तिथला काढावाच लागतो, कारण त्याच्याखाली साचलेलं पाणी वरून कितीही थर दिले तरी उतरतच राहतं. भेग साधारण १० मिमी रुंद व्हीच्या आकारात कापून पॉलिमर मॉर्टरने भरा. पॅरापेट (कठडा) आणि गच्ची मिळते त्या कोपऱ्यात गोल वाटा काढा, म्हणजे मॉर्टर भरून कोपरा गोलसर करा, कारण बहुतेक गळती तिथूनच होते. थर दोन द्यायचे, दुसरा पहिल्याला आडवा, मधे फायबरची जाळी. उतार दर १०० सेंटिमीटरला किमान १ सेंटिमीटर हवा. हजार चौरस फुटांच्या गच्चीला चार इंची पाइप किमान दोन लागतात. शेवटी पाइपांची तोंडं बंद करून दोन इंच पाणी दोन दिवस साठवा आणि खालून छत बघा. या चाचणीचे तारखेसह फोटो काढून ठेवा. नुसत्या शब्दावर खरेदीदाराचा विश्वास बसत नाही, फोटोवर बसतो. वर पांढरा उष्णतारोधक रंग दिला तर वरच्या मजल्याच्या खोल्यांतला उन्हाळा जाणवण्याइतका कमी होतो.

भेगांच्या बाबतीत मात्र घाई नको. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया त्यासोबत हलतो. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग पुट्टीने भरली तर पुढच्या मोसमात तिथेच पुन्हा उघडते, आणि रंगाचा वेगळा पट्टा दिसला की लपवाछपवीचा संशय येतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलच्या खुणा करून मे आणि सप्टेंबरमध्ये अंतर मोजा. वाढत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन तीन फूट रुंद काँक्रीटची पट्टी करा, गच्चीचं पाणी पायाजवळ सोडू नका. खिडकीतल्या कूलरखालची भिंतही तपासा. तिथला फुगलेला रंग हा टाकीतून झिरपलेल्या पाण्याचा असतो आणि स्टँड भिंतीपासून दूर नेला की प्रश्न सुटतो.

वायरिंगवरचा खर्च दिसत नाही, पण टिकतो. दिव्यांना १.५, पॉवर सॉकेटला २.५ आणि एसीला ४ चौरस मिमी तांब्याची वायर, सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग. कूलरच्या गावात हे जीव वाचवणारं काम आहे. एसी वाढवले असतील तर महावितरणकडे मंजूर भारही वाढवून घ्या. बोअरच्या जड पाण्याने कोंदलेले जुने जीआय (लोखंडी) पाइप बाथरूमचं काम काढलेलं असतानाच बदलून प्लास्टिकचे सीपीव्हीसी टाका.

स्वयंपाकघरात नीट ओटा, चालणारी चिमणी आणि न फुगलेले शटर इतकं पुरे. महागडं इंटिरिअर पुढचा मालक बहुधा काढूनच टाकतो. पीओपीचं फॉल्स सीलिंग आणि भिंतीवरचे पीव्हीसी पॅनेल विकण्याआधी मुळीच लावू नका, लोकांना त्यामागे ओल दिसू लागते. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत हॉल मोठा करायला नऊ इंची भिंत पाडू नका. अशा घरांत तीच वरचा भार पेलत असते.

गच्ची सुधारल्यावर सोलर मात्र विचारात घ्या. ३ किलोवॉटला साधारण ३०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पॅनेलचे पाय वॉटरप्रूफिंग भेदणार नाहीत, अशा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवा.

आणि बिलं जपा. नवी खोली, नवं वायरिंग अशा सुधारणांचा खर्च घर विकून झालेल्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो. रंगरंगोटी आणि नेहमीची दुरुस्ती त्यात धरत नाहीत. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर निवासी व्यक्तीला दीर्घकालीन नफ्यावर महागाई निर्देशांक न धरता १२.५ टक्के किंवा तो धरून २० टक्के, यांपैकी कमी पडेल तो कर भरता येतो. कंत्राटदाराला रोख दिलं असेल तर किमान सही केलेली, कामाचं वर्णन आणि तारीख असलेली पावती घ्या.