इंग्लंडमध्ये भाड्याचं घर, बॉयलर आणि कौन्सिलचा इन्स्पेक्टर: माझा अनुभव

आमच्या भाड्याच्या घरात बॉयलरची (गॅसवर पाणी आणि घर तापवणारं यंत्र) ज्योत निळी असायची ती पिवळी दिसायला लागली, आणि बायकोचं डोकं रोज दुखायचं पण बाहेर पडलं की थांबायचं, तेव्हा मी खरंच घाबरलो कारण ही कार्बन मोनॉक्साइड (सीओ) या विषारी वायूची लक्षणं असू शकतात. लगेच बॉयलर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि गॅस इमर्जन्सीच्या 0800 111 999 वर फोन केला, त्यांनी येऊन गॅस बंद केला.

घरमालक म्हणाला बघू पुढच्या आठवड्यात. मग मी नियम वाचले. इथे मालकाने दर 12 महिन्यांनी गॅस सेफ रजिस्टर्ड (म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत यादीतल्या) इंजिनियरकडून तपासणी करून घ्यायचीच असते आणि रिपोर्टची कॉपी 28 दिवसांत आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूला द्यायची असते, वायरिंगची तपासणी निदान दर 5 वर्षांनी. आणि ऑक्टोबर 2022 पासून बॉयलर असलेल्या खोलीत सीओ अलार्म पण कंपल्सरी, आमच्याकडे तो नव्हताच!

मी रिपोर्ट ईमेलवर मागितला (फोनवर बोलू नका, लेखी पुरावा राहत नाही), आला तो दोन वर्षं जुना. तोच फोटोसकट कौन्सिलच्या (इथली स्थानिक पालिका) प्रायव्हेट हाउसिंग टीमला, म्हणजे खाजगी भाड्याच्या घरांच्या तक्रारी बघणाऱ्यांना, पाठवला, त्यांचा माणूस घर बघून गेला, मालकाला पत्र गेलं आणि नऊ दिवसांत बॉयलर दुरुस्त, अलार्म पण बसला.

नवीन आलेल्यांनो, चावी घ्यायच्या आधीच गॅसचा रिपोर्ट मागा, तो तेव्हाच मिळायला हवा, आणि इंजिनियरचा लायसन्स नंबर गॅस सेफच्या साइटवर टाकून बघा.