कूलंट नवं, तरी काटा वर? हवा काढताना या चुका टाळा

साखळीहून बेळगावला निघालो होतो. आदल्याच दिवशी गॅरेजात रेडिएटरचा होज म्हणजे रबरी नळी बदलून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, नवं भरलेलं. केरी सोडून चोर्ला घाट चढू लागलो आणि तापमानाचा काटा एकदम वर, मग आपोआप खाली, पुन्हा वर. डॅशबोर्डच्या आत कुणी कळशी भरतंय असा बुडबुड आवाज. खाली थेंबभरही गळती नव्हती. आत हवा अडकली होती.

काटा खाली आला म्हणून मी हायसं वाटून पुढे दामटली, ती पहिली चूक. सेन्सरभोवती कूलंटऐवजी हवा आली की तो कमी तापमान दाखवू शकतो, आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, मात्र भाजत असतं.

दुसरी चूक वळणावर थांबून करणारच होतो: फडकं धरून झाकण उघडणं. बंद यंत्रणेत दाबामुळे कूलंट 100 अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की क्षणात उकळून अंगावर येतं. इंजिन पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात नाही.

आता आपली गोव्याची खास चूक. इथे हीटर लावतो कोण? नॉब बारा महिने निळ्या टोकाला. काही गाड्यांत त्यामुळे हीटरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंदच राहतो आणि तिथली हवा तिथेच. हवा काढताना नॉब पूर्ण लालवर, ब्लोअर एकवर, एसी बंद. मे महिन्यात जीव नको होतो, पण इलाज नाही.

गाडी नाक वर करून चढावर लावा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांमागे दोन चिरे. रेडिएटरचं तोंड उंच झालं की हवेला वाट मिळते. कूलंट बारीक धारेनं ओता, भसाभस नको. ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, असेल तर बुडबुडे संपून सलग धार येईपर्यंत सैल ठेवा. तो बहुधा प्लास्टिकचा असतो, आवळताना जोर केलात तर आटे गेले.

मग झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू करा आणि वाट बघा. इथेच घाई होते. थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह, साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो. त्याआधी झाकण लावलंत तर अर्धी हवा आतच. तो उघडला की पातळी गपकन खाली जाते, तेवढं भरा. खालचा होज गरम लागला, हीटरचा वारा सलग गरम आला, की झाकण लावा. रेडिएटरचा पंखा अचानक फिरतो, बोटं लांब ठेवा.

कूलंटमध्ये मिसळायला विहिरीचं पाणी ओतू नका, आत क्षार साचतात. डिस्टिल्ड वॉटरच घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी परत बघा. माझी बोटभर उतरली होती. दोन-तीनदा भरूनही बुडबुडे येतच राहिले तर हवा काढत बसू नका. आधी झाकणाचं रबर बघा, आणि ते ठीक असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, तपासून घ्या.