आश्रय देणाऱ्या घरांची गोष्ट वर्गात कशी सांगावी

सातारा-सांगलीकडच्या मुलांना दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या नाझी राजवटीपासून ज्यू मित्रांना लपवणाऱ्या कुटुंबांविषयी सांगताना सुरुवात इंग्रजांविरुद्ध इथे उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारपासून करावी, कारण भूमिगतांना आसरा देऊन भाकरी पोचवणाऱ्या घरांच्या आठवणी इथे अजून सांगितल्या जातात. मात्र दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंना केवळ ज्यू म्हणून ठार मारले, हे आधीच स्पष्ट करावे.

मग एकाच घरापाशी थांबावे. पोलंडमधील मार्कोवा गावातल्या युझेफ आणि विक्टोरिया उल्मा या शेतकरी दांपत्याने आठ ज्यूंना घरात ठेवले होते. २४ मार्च १९४४ रोजी जर्मन पोलिसांनी त्या आठजणांना, युझेफला, गरोदर विक्टोरियाला आणि त्यांच्या सहाही लेकरांना मारले. इथे शिक्षकाने घाईने पान उलटू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

त्यानंतर मुलांना रोजच्या अडचणी शोधायला लावाव्यात: रेशनच्या काळात जादा धान्य कसे आणायचे, शेजाऱ्याने विचारले तर काय सांगायचे, रात्री खोकल्याची उबळ आली तर ती कशी दाबायची. उत्तरे फळ्यावर मुलांच्याच शब्दांत लिहावीत.